टॅप व एक्सेंट्रिक नृत्य : आरंभीच्या कृष्णवर्णीय रेव्ह्यूंमधील

बुटाच्या चवड्याने व टाचेने रंगमंचाच्या फळ्यांवर ताल वाजवण्याचा नृत्यप्रकार म्हणजे टॅप. ठरीव पदन्यास सोडून कंबर, गुडघे व सांधे यांच्या विलक्षण हालचालींतून नर्तक स्वतःची शैली घडवतो, ते एक्सेंट्रिक नृत्य. न्यूयॉर्कमधील आफ्रिकन-अमेरिकन रेव्ह्यूंत (गाणी, नृत्ये व प्रहसने गुंफलेल्या रंगमंचीय खेळांत) साधारणतः १९१३ ते १९३० या काळात दोन्ही प्रकार बहरले.

टॅपच्या उगमाविषयी मतभेद आहेत. १७३९ च्या स्टोनो येथील गुलामांच्या उठावानंतर साउथ कॅरोलायना वसाहतीत त्यांच्या ढोलांवर कायद्याने बंदी आली आणि ताल पायांत उतरला, असे एक मत आहे. १७४० चा तो कायदा खरा, पण एका वसाहतीपुरता. आयरिश जिग, लँकेशायरचे क्लॉग (लाकडी तळव्यांच्या बुटांचे) नृत्य व पश्चिम आफ्रिकी तालपरंपरा यांचा शहरी वस्त्यांत झालेला संकर अधिक संभवनीय वाटतो. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स भागात १८४० च्या दशकात गाजलेला कृष्णवर्णीय नर्तक विल्यम हेन्री लेन ऊर्फ मास्टर जुबा (सु. १८२५–सु. १८५२) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या लाफायेत थिएटरातील ‘डार्कटाउन फॉलीज’ (१९१३) मधील समूहनृत्य ब्रॉडवेवरील (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरील) निर्माता झिगफेल्डने आपल्या खेळासाठी विकत घेतले. ‘शफल अलाँग’ या कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीत खेळाचे (१९२१) पाचशेच्या आसपास प्रयोग झाले. त्यातील नृत्याचा वेग पाहून ब्रॉडवेवरील वृंदनृत्याचा बाज बदलला.

जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत टॅप करण्याच्या, म्हणजे जिन्यावरच्या नृत्याचे जनकत्व हा विशेष वादाचा विषय. टॅप नर्तक बिल रॉबिन्सन (१८७८–१९४९) याने ते आपलेच असल्याचे सांगितले. १९१८ च्या सुमारास पॅलेस थिएटरात ते आपल्याला सुचले, असे त्याचे म्हणणे. प्रतिस्पर्धी किंग रास्टस ब्राउनचाही त्यावर दावा होता. अल लीच याच्यासारखे नर्तक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पायऱ्यांवर नाचत, असेही नोंदले गेले आहे. त्यामुळे कल्पना जुनी आणि तिची सिद्धी रॉबिन्सनची, हेच मत ग्राह्य धरावे. लाकडी तळव्यांचे बूट घालून तो मुख्यतः चवड्यांवर नाचे. पाठ ताठ, हात जवळजवळ स्थिर. प्रत्येक पायरीतून निराळा नाद निघे आणि एकही ठोका पुसट होत नसे. ‘ब्लॅकबर्ड्‌स ऑफ १९२८’ या रेव्ह्यूमध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने हे नृत्य केले. ‘हार्लेम इज हेवन’ (१९३२) या चित्रपटात ते पाहता येते. पुढे जॉन बबल्स (१९०२–८६) याने लय धीमी करून टाचेचे जड ठोके आणले आणि टॅप जॅझच्या ढोलवादनाजवळ नेले.

एक्सेंट्रिक नर्तकांत यूलिसिस ‘स्लो किड’ टॉम्पसन रबरासारख्या लवचीक पायांसाठी, तर ‘ब्लॅकबर्ड्‌स’मधलाच अर्ल ‘स्नेकहिप्स’ टकर कंबरेच्या सर्पिल हालचालींसाठी प्रसिद्ध होता. टकरच्या कमरपट्ट्याला लटकणारा गोंडा त्या लयीत झुले. ही अंगलय ‘सिंफनी इन ब्लॅक’ (१९३५) या लघुपटात टिपली आहे. वृंदातील मुलींपैकी जोसेफिन बेकरने रांगेच्या टोकाला उभे राहून गुडघे वाकवण्याचे व डोळे फिरवण्याचे विनोदी प्रकार केले. ‘शफल अलाँग’चा दौरा आणि ‘चॉकलेट डँडीज’ (१९२४) यांनंतर १९२५ मध्ये ती ही शैली घेऊन पॅरिसला गेली.