पित्तातली आम्लं: खड्यापासून गोळीपर्यंत

बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ‘पित्त झालं’ की आजी आमसुलाचं पाणी द्यायची. जळजळ, आंबट ढेकर म्हणजे पित्त. खरं तर ते जठरातलं आम्ल. यकृतात तयार होणारं हिरवट-पिवळं, कडू पित्त निराळं. आईच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि डॉक्टरांनी अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हापासून मी त्या नावाच्या मागे लागलो.

ही हकीकत सुरू होते तीही खड्यांपासूनच. त्यांतल्या मेणचट पदार्थाला फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल यांनी १८१५ च्या सुमारास ‘कोलेस्टेरिन’ म्हटलं. ग्रीकमध्ये ‘कोले’ म्हणजे पित्त. यकृत याच पदार्थापासून, म्हणजे आजच्या कोलेस्टेरॉलपासून, पित्ताम्लं (पित्तातली आम्लं) बनवतं, हे जैवरसायनज्ञ कॉनराड ब्लॉख आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये जड हायड्रोजनची खूण लावून कुत्र्यात दाखवलं.

मधल्या काळात जर्मनीचे हाइनरिश वीलांड या आम्लांची रचना उलगडत होते. त्यासाठी १९२७ चं नोबेल त्यांना मिळालं, पण रचना चुकली होती. क्ष-किरणांनी स्फटिक तपासणारे शास्त्रज्ञ बर्नाल यांच्या मोजमापांत स्टेरॉलचे, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातले, रेणू त्या रचनेत बसेनात. १९३२ मध्ये एकमेकांना जोडलेल्या चार कड्यांची रचना ठरली, आणि ती मांडणाऱ्यांत स्वतः वीलांडही होते. मला ही गोष्ट नोबेलपेक्षा मोठी वाटते.

पित्ताम्लाच्या रेणूची एक बाजू पाण्याकडे ओढ घेते, दुसरी तेलाकडे. साबणासारखं काम करून तो तूप-तेलाचे बारीक थेंब करतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं त्यामुळेच अंगी लागतात. शरीरात एकूण पित्ताम्ल जेमतेम २ ते ४ ग्रॅम, पण लहान आतड्याच्या शेवटाकडून सुमारे ९५ टक्के परत यकृतात जातं आणि दिवसातून सहा-दहा फेऱ्या मारतं. म्हणून तो भाग कापावा लागला तर जुलाब लागतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू उरलेल्यातून डिऑक्सिकोलिक आम्ल बनवतात. ते जास्त झालं तर आतड्याच्या अस्तराला जाचतं. ही आम्लं निरोपेही आहेत, हे १९९९ मध्ये कळलं: पेशींतल्या ग्राहीला (निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटून ती ‘आता पुरे’ असं यकृताला कळवतात.

आईच्या गोळीतलं ‘अर्सो’ म्हणजे लॅटिन अस्वल, कारण हे आम्ल प्रथम अस्वलाच्या पित्तात सापडलं. गोळीने विरघळतात ते कोलेस्टेरॉलचे लहान खडे, तेही कित्येक महिन्यांनी, आणि पुन्हा होऊ शकतात. चुना साठलेल्या किंवा काळ्या खड्यांवर तिचा इलाज चालत नाही.