ओरडणाऱ्या पुढाऱ्यासमोर अभियंत्याला आकडा का आठवत नाही?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाळ्यात एक व्हिडिओ फिरत होता. पाण्यासाठी वैतागलेली माणसं एका सरकारी कार्यालयात शिरली आहेत, पुढे एक पुढारी, आणि टेबलापलीकडे पाणीपुरवठ्याचा तरुण कनिष्ठ अभियंता. पुढारी टेबलावर हात आपटून विचारतो, "ए, तुला विचारतोय मी! व्हॉल्व्ह किती वाजता उघडला? तोंड नाही का तुला?" अभियंता रजिस्टर उघडतो, एका ओळीवर बोट ठेवतो, काढतो, पान उलटतो, पुन्हा त्याच पानावर येतो. ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही. खाली प्रतिक्रिया: "असाच पाहिजे", "वाघ आहे वाघ", "ह्यांना हीच भाषा कळते".

व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, हे मात्र त्या व्हिडिओत शेवटपर्यंत कळलं नाही. ग्रुपवर कुणी ते विचारलंही नाही.

तो प्रश्न साधा नव्हता. ठाण्याला पाणी चार ठिकाणांहून येतं: पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. कुठल्या भागाला कुणाचं पाणी, आज शटडाऊन कुणाचा, जलकुंभाची लेव्हल किती, व्हॉल्व्हमनने कुठली लाईन कधी फिरवली, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरलं तरच उत्तर देता येतं. असं धरून ठेवण्याच्या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात आणि तिचं काम मुख्यतः कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये चालतं. मेंदूतला हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

पाठ केलेली कविता मेंदूत चेतापेशींमधल्या जोडण्यांच्या रूपाने साठते. कार्यस्मृतीचं तसं नाही. "आत्ता लेव्हल इतकी आहे" ही माहिती टिकते ती काही चेतापेशी एकमेकींना सतत संदेश देत राहतात म्हणून. माहिती समोरून नाहीशी झाली तरी त्यांचा हा आपसातला संवाद काही सेकंद चालू राहतो. तो थांबला की आकडा गेला. पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी माकडांच्या मेंदूत अशा पेशींचा बारकाईने अभ्यास केला, आणि येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी पुढे शोधलं की तणावात या संवादाचं काय होतं.

इथे नॉरॲड्रिनलिन हे रसायन येतं. आपण जागे आणि सावध असतो तेव्हा ते या भागात मध्यम प्रमाणात स्रवतं आणि पेशींवरच्या अल्फा-२ए नावाच्या ग्राहींना, म्हणजे रसायन पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं. हे ग्राही थोड्याशा रसायनानेही जागे होतात. ते पेशीच्या आतल्या सायक्लिक एएमपी या रेणूचं काम आवरतात, त्यामुळे जोडण्यांजवळची काही आयन-दारं, म्हणजे विद्युतभारित कण ये-जा करतात ती छिद्रं, बंद राहतात आणि संदेश पूर्ण जोराने पुढच्या पेशीपर्यंत पोचतो. आता कुणी अंगावर ओरडलं की नॉरॲड्रिनलिनचा लोंढा येतो. इतकं प्रमाण वाढलं की एरवी गप्प असणारे अल्फा-१ ग्राही जागे होतात. त्यांच्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढतं, प्रोटीन कायनेज-सी हे विकर कामाला लागतं, आणि पोटॅशियमची दारं उघडतात. मग संदेश वाटेतच विरतो, जसं गळक्या लाईनमध्ये पंप चालू असूनही शेवटच्या इमारतीला प्रेशर मिळत नाही तसं. पेशी मेलेल्या नसतात, जोडण्या तुटलेल्या नसतात. संवाद तेवढा खंडित झालेला असतो. त्याच वेळी हेच रसायन अमिग्डालाला, म्हणजे भीती हाताळणाऱ्या भागाला, अधिक जोर देतं. वाघ समोर आला तर ही व्यवस्था जीव वाचवते, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो. कार्यालयात मात्र नेमका विचारच हवा असतो.

हे सगळं काही सेकंदांत होतं. मागून कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक येतं, आणि त्याची पातळी शिखराला पोचायला साधारण वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत झालेल्या आरडाओरड्याचा परिणाम उरलेल्या बैठकीवर पसरतो. २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी तणावाचे प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र तपासले. कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त वाढलं ते दोन गोष्टी जुळून आल्या तेव्हा: लोक आपल्याला जोखत आहेत ही जाणीव, आणि परिस्थिती आपल्या हातात नाही ही जाणीव. अशा तणावाची जी प्रमाण चाचणी आहे, तिच्यात निर्विकार चेहऱ्याचे परीक्षक तर असतातच, पण समोर कॅमेराही मुद्दाम लावलेला असतो.

"काम येणाऱ्याला काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागाच्या २४ पथकांना अचानक अत्यवस्थ झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळावर उपचार करायचे होते. बाळ अर्थात पुतळा होतं. काही पथकांना एका "परदेशी तज्ज्ञा"ने आधी ऐकवलं की इथल्या वैद्यकसेवेच्या दर्जाने तो प्रभावित झालेला नाही. बाकीच्यांशी तो नेहमीसारखं बोलला. कुणाला काय ऐकवलंय हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी मग पथकांना गुण दिले. अपमान झालेल्या पथकांचं निदान घसरलं आणि हाताचं कौशल्यही घसरलं, कारण सहकारी एकमेकांना माहिती सांगेनासे झाले, मदत मागेनासे झाले. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो तज्ज्ञ ओरडलासुद्धा नव्हता. क्रिस्टीन पोराथ आणि अमीर एरेझ यांच्या प्रयोगांत तर दुसऱ्याचा अपमान नुसता पाहणाऱ्यांचंही काम बिघडलेलं दिसलं. व्हिडिओत त्या अभियंत्याच्या मागे दोन कारकून भिंतीला टेकून उभे होते. त्यातला एखादा आपणहून पुढे येऊन "साहेब, त्या लाईनला गळती आहे" असं म्हणेल ही आशा त्या खोलीत धरायलाच नको.

मग दांडगाई करणारे निवडून का येतात? कारण दांडगाईचा उपयोग होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी २००१ मध्ये मांडलं की माणसांत वर चढायचे दोन रस्ते आहेत: एक भीतीचा, दुसरा गुण पाहून लोकांनी आपणहून दिलेल्या मानाचा. जोई चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनोळखी माणसांचे गट करून ते तपासलं. दोन्ही प्रकारच्या माणसांचा गटाच्या निर्णयावर प्रभाव पडला, फक्त दांडगट लोक कुणाला आवडले नाहीत. आपल्याकडचा दुसरा रस्ता पाहायचा तर राजापूरचे खासदार नाथ पै आणि त्यांच्यानंतर तिथलेच मधु दंडवते आठवावेत. लोकसभेत सरकारला धारेवर धरणारी ही माणसं, पण पलीकडची बाकंही त्यांना मान देत. भीतीने खुर्ची मिळते, पण खुर्चीवर बसल्यावर जी माहिती लागते ती देणारी तोंडं त्याच भीतीने बंद होतात.

या विषयाभोवती भाकड कल्पनांचं रानही माजलं आहे. सिंह राशीचा माणूस जन्मजात नेता आणि अनामिकेत माणिक घातलं की अधिकार चालतो, या समजुतींना कसलाही पुरावा नाही. इंग्रजी वेष्टणातल्या कल्पनांनाही तोच न्याय लावायला हवा. दांडगाईने कळपावर राज्य करणाऱ्या "अल्फा" नराची गोष्ट पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून निघाली. रानातला कळप बहुतेकदा आईबाप आणि त्यांच्या पिल्लांचा असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये सविस्तर दाखवलं. त्यांच्याच जुन्या पुस्तकाने "अल्फा" आधी सर्वदूर नेला होता. हातपाय पसरून ऐटीत बसल्याने किंवा उभं राहिल्याने संप्रेरकं बदलतात, असा २०१० सालचा गाजलेला दावा ४२ जणांवरून केलेला होता. २०१५ मध्ये २०० जणांवर तो टिकला नाही, आणि मूळ लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये स्वतःच त्यावरचा विश्वास मागे घेतला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत तो अजून पैसे घेऊन शिकवतात, याचा मला राग येतो.

गटाची रीत बदलू शकते का? रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियात बबून माकडांच्या एका टोळीवर काम केलं. १९८०च्या दशकात शेजारच्या पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर टाकलेल्या क्षयबाधित मांसामुळे टोळीतले जवळजवळ निम्मे प्रौढ नर मेले. मेले ते नेमके भांडखोर, कारण तिथे जाऊन दुसऱ्या टोळीशी झुंजायची हिंमत त्यांच्यातच होती. उरलेली टोळी शांत झाली. बबून नर वयात आले की आपली टोळी सोडून दुसरीकडे जातात, त्यामुळे १९९३ पर्यंत तिथले सगळे नर बाहेरून आलेले होते. तरीही दुबळ्यांना विनाकारण न छळण्याची आणि एकमेकांची निगा राखण्याची रीत टिकून होती, आणि खालच्या दर्जाच्या नरांच्या शरीरात एरवी सापडणारी तणावाची लक्षणं नव्हती. ही एकच टोळी आहे, म्हणून यावरून माणसांबद्दल नियम काढू नये. पण "स्वभावच तसा असतो" हे विधान निदान या टोळीला लागू पडत नाही. नव्या नरांशी तिथल्या माद्या लवकर मिळूनमिसळून वागत, आणि पहिल्या काही महिन्यांत नवे नर तिथल्यासारखे होत.

सोसायटीच्या सभेत मी एवढंच सुचवलं आहे की पुढच्या वेळी पाण्यासाठी जाताना प्रश्न आदल्या दिवशी लेखी पाठवायचे, अभियंत्याला रजिस्टर आणि नकाशा घेऊन आधी बोलू द्यायचं, आपल्यातर्फे एकानेच विचारायचं, "अहो" म्हणून विचारायचं, आणि कुणीही मोबाइल वर धरायचा नाही.