सीडरचा खांब आणि घराण्याची गोष्ट

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अलास्काच्या आग्नेय भागात राहणाऱ्या हैडा, त्लिंगित, हैस्ला अशा आदिवासी समाजांनी आपल्या घराण्यांच्या कथा उंच लाकडी खांबांवर कोरल्या. हे टोटेम खांब पूजेसाठी नसतात. पूर्वजाला कोणता प्राणी भेटला, एखादा मान कसा मिळाला, कोणाच्या स्मरणार्थ खांब उभारला, हे त्यावरून सांगितलं जातं. चोच सरळ असेल तर डोमकावळा, टोकाला वळलेली असेल तर गरुड, पुढचे दोन मोठे दात आणि शेपटीवर जाळीदार रेघा दिसल्या की बीव्हर. पण प्राणी ओळखले म्हणून गोष्ट कळत नाही. ती सांगण्याचा हक्क घराण्याचा असतो. खांब उभारताना पॉटलॅच हा मोठा समारंभ होतो. तिथे जमलेले पाहुणे त्या हक्काचे साक्षीदार, आणि त्यासाठीच त्यांना भेटी द्यायच्या. कॅनडाच्या कायद्याने १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅचवर बंदी होती. म्हणजे साक्षीदार जमवणं हाच गुन्हा ठरला. मला ही बंदी खांब पळवण्याइतकीच क्रूर वाटते.

या कलेमागे एक झाड आहे: वेस्टर्न रेड सीडर. तलावांच्या गाळात साचलेले परागकण सांगतात की हे झाड या किनाऱ्यावर साधारण ५,००० ते २,५०० वर्षांपूर्वीच्या काळात भरपूर वाढलं. मोठं लाकूडकामही त्याच सुमारास बहरत गेलं. सीडरचं लाकूड हलकं, रेषा सरळ, त्यामुळे तासणी सहज चालते. शिवाय गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची रसायनं असतात. ती बुरशीला वाढू देत नाहीत. तरीही जुनी झाडं आतून पोकळ निघतात, म्हणून कारागीर उभ्या झाडाला आधी छोटं भोक पाडून गाभा तपासत. अशी तपासून सोडून दिलेली झाडं तिथल्या जंगलात आजही उभी आहेत. कित्येक खांबांची मागची बाजू कोरून पोकळ केलेली असते. त्याने वजन घटतं आणि लाकूड वाळताना भेगाही कमी पडतात.

पावसात मात्र ही रसायनं हळूहळू धुपून जातात. जमिनीतला भाग सतत ओला राहतो, तिथे बुरशी आधी शिरते आणि एक दिवस खांब कोसळतो. परंपरेला ते मान्य आहे.

हैस्लांचा ग्प्सगोलॉक्स खांब १८७२ साली, रोगराईत गेलेल्या आप्तांच्या स्मरणार्थ उभारला होता. १९२९ मध्ये तो स्वीडनला नेण्यात आला. हैस्लांनी तो परत मागितला तेव्हा स्टॉकहोममधल्या संग्रहालयाला तो बंदिस्त इमारतीत जपला जावा असं वाटत होतं, तर हैस्लांच्या रीतीप्रमाणे त्याने मातीत मिसळायला हवं होतं. २००६ मध्ये खांब घरी आला. त्याआधीच हैस्ला कारागिरांनी तोच खांब नव्या सीडरमध्ये पुन्हा कोरला होता, एक मूळ जागी उभारण्यासाठी आणि एक स्टॉकहोमसाठी.