दारूबंदी थीमची जुन्या गोळ्या-सोड्याची गिफ्ट बास्केट

अमेरिकेत मिळणारी ही एक तयार भेट. जुन्या पद्धतीच्या गोळ्या, चॉकलेटं आणि काचेच्या बाटलीतला सोडा एका लाकडी खोक्यात नाहीतर टोपलीत भरतात आणि वरची सगळी सजावट १९२० ते १९३३ या तिथल्या दारूबंदीच्या काळातली करतात. खोक्यावर चोरट्या मालासारखा शिक्का, आत कागदाच्या बारीक कातरणांचं गवत, बाटलीला तपकिरी कागद गुंडाळलेला, सोबत बूच काढायचा ओपनर, कधी फ्लॅपर मुलीचं (आखूड केसांची, त्या काळातली फॅशनवाली तरुणी) नाहीतर टोपीवाल्या गँगस्टरचं चित्र. दारूचा थेंब नसतो, आणि तेच या भेटीचं सगळ्यात सोयीचं अंग आहे, कारण दारू पार्सलने पाठवायची म्हटलं की तिथे राज्यागणिक नियम बदलतात, घेणाऱ्याच्या वयाचा पुरावा लागतो, तर रूट बिअर (नावालाच बिअर, खरं तर बिनदारूचा सोडा) आणि शेंगदाण्याची चिक्की कोणालाही पाठवता येते, ऑफिसात, शाळेच्या शिक्षकांना, दारू सोडलेल्या माणसाला, जूनमधल्या फादर्स डेला वडलांना.

नुसती सजावट बघितली तर हा एक पार्टीचा प्रकार वाटतो, पण दारूबंदी आणि मिठाई-सोडा यांचं नातं विक्रेत्यांनी जुळवून आणलेलं नाही, ते खरोखरचं आहे. गुत्ते बंद झाले तेव्हा माणसं जाऊन बसायची ती जागा सोडा फाउंटनने, म्हणजे सोडा आणि आइस्क्रीम मिळणाऱ्या काउंटरने घेतली. म्हणून टोपली चांगली की वाईट हे मी गँगस्टरच्या चित्रावरून ठरवत नाही, आतली प्रत्येक वस्तू त्या तेरा वर्षांशी कशी जोडलेली आहे यावरून ठरवतो.

आधी कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या घटनेतली १८वी दुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं बंद झालं. अंमलबजावणीचा व्होल्स्टेड कायदा १९१९ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून पास झाला होता, त्यात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय म्हणजे मादक पेय असं ठरवलं. घरात आधीपासून साठवलेली दारू पिणं मात्र गुन्हा नव्हता. शेवटी ५ डिसेंबर १९३३ ला २१व्या दुरुस्तीने बंदी उठली, तो दिवस अजूनही काही जण रिपील डे म्हणून साजरा करतात आणि या टोपल्या तेव्हाही भेट म्हणून जातात.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, तो आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि कागदोपत्री पिण्याचं परमिट लागतं. वर्धा, गडचिरोलीत तर पूर्ण बंदी आहे. अमेरिकेतलं स्पीकईझी, म्हणजे चोरून चालणारा गुत्ता, म्हटलं की आपल्या मुंबईतले जुने आंटीचे अड्डे डोळ्यासमोर आणा, आणि मूनशाइन म्हणजे सरळ हातभट्टी.

आता बाटल्या. सोडा आणि दारूविरोधी चळवळ यांची सोयरीक १९२० च्या कितीतरी आधीची आहे. १८८६ मध्ये अटलांटात स्थानिक दारूबंदी आली, तेव्हा जॉन पेंबर्टन हा औषधवाला वाइन घातलेलं एक टॉनिक विकत होता, त्याने वाइन काढून सरबत केलं आणि त्यातून कोका-कोला झाला. त्याच्या आधी, १८६९ मध्ये, न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च या दंतवैद्याने चर्चमध्ये वाइनऐवजी चालावा म्हणून न आंबणारा द्राक्षरस बाटलीत भरला होता. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्सने १८७६ च्या मोठ्या प्रदर्शनात आपली रूट बिअर लोकांपुढे मांडली आणि पुढे संयमी माणसाचं पेय म्हणून तिची जाहिरात केली. नावात बिअर कशी आली, तर पेनसिल्व्हेनियातले खाणकामगार रूट टी नावाचं काही पिणार नाहीत म्हणून, असं सांगतात. पण त्याच नावामुळे १८९० च्या दशकात दारूविरोधी बायकांच्या संघटनेने तिच्यावर बहिष्कार टाकला, बिअर आहे म्हणजे दारू असणारच असं धरून, आणि मग तपासणीत अल्कोहोल अगदी नगण्य निघाल्यावर तो मागे घेतला.

दारूबंदी थीमच्या टोपलीत रूट बिअर हवीच हवी. रॉय अ‍ॅलनने जून १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावात रूट बिअरचा स्टॉल टाकला, नंतर फ्रँक राइट भागीदार झाला आणि १९२२ पासून दोघांच्या आडनावांवरून ए अँड डब्ल्यू हे नाव आलं. आयबीसी ही सेंट लुइसची रूट बिअर पण १९१९ ची. म्हणजे गुत्त्यांना टाळं लागायच्या अगदी तोंडावर हे धंदे उभे राहत होते. मूळ रूट बिअर ससाफ्रास झाडाच्या मुळाच्या सालीची असायची, पण त्यातलं सॅफ्रोल प्राण्यांना घातक ठरल्यामुळे १९६० मध्ये ते खाण्यात वापरायला बंदी आली, त्यामुळे आजच्या बाटलीवर कितीही जुन्या पद्धतीचं लेबल असलं तरी ती मूळ चव नाही, विंटरग्रीन, व्हॅनिला, ज्येष्ठमध असं मिळून ती चव जुळवतात. हे विंटरग्रीन म्हणजे आपल्या कंबरदुखीच्या मलमातला वास. भारतातून नव्याने गेलेल्या माणसाला पहिल्या घोटात आयोडेक्स आठवतं ते याच्यामुळे, आणि त्यात चूक काहीच नाही, दोन्हीकडे मिथाइल सॅलिसिलेट हेच द्रव्य आहे. सार्सापरिला नावाचा सोडाही या टोपल्यांत असतो. आपल्या अनंतमुळाला इंग्रजीत इंडियन सार्सापरिला म्हणतात खरं, पण दोन्ही झाडं वेगळ्या कुळातली.

जिंजर एलची गोष्ट जरा वेगळी. टोरांटोच्या जॉन मॅकलॉफ्लिनने १९०४ मध्ये कॅनडा ड्राय काढली, ती दारूबंदीत अमेरिकेत भरपूर खपली, कारण चोरून बनवलेली दारू इतकी घाण लागायची की तिची चव लपवायला आल्याचा तिखट-गोड सोडा लागायचा. म्हणजे संयमी माणूस सोडा पितच होता आणि कायदा मोडणारासुद्धा सोडाच विकत घेत होता, सोडावाल्याचं दोन्हीकडून भलं झालं. डेट्रॉइटची व्हर्नर्स तर त्याहून जुनी. १९२४ चा नीहाय, त्यात संत्रं, द्राक्ष असे फळांचे स्वाद. ऑक्टोबर १९२९ मध्ये सेंट लुइसच्या चार्ल्स ग्रिगने लिंबाचा एक सोडा काढला, त्यात लिथियम सायट्रेट होतं, तोच पुढे सेव्हन अप झाला, लिथियम १९४८ पर्यंत राहिलं. चीअरवाइन नाव ऐकून फसू नका, नॉर्थ कॅरोलिनातला १९१७ चा चेरीचा सोडा आहे, वाइनशी संबंध फक्त रंगाचा, पण थीमला नाव इतकं चपखल बसतं की विक्रेते तो आवर्जून घालतात.

काचेची बाटली आणि उचकटून काढायचं पत्र्याचं बूच हे पण महत्त्वाचं, हे बूच बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये काढलं. बाटलीवर उसाची साखर असं ठळक लिहिलेलं असतं, कारण १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या मक्याच्या सिरपवर गेल्या, त्यामुळे उसाची साखर हीच तिथे जुन्या चवीची खूण झाली. आपल्याला हे वाचून नवल वाटेल.

दारूचे कारखानेच गोडाकडे वळले हा भाग टोपल्यांच्या माहितीपत्रकात क्वचित असतो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिलच्या युंगलिंग ब्रुअरीने १९२० मध्ये आइस्क्रीमची डेअरी काढली. अ‍ॅनहॉयझर-बुशने बेव्हो नावाची बिनदारूची बिअर, यीस्ट, माल्ट सिरप, आइस्क्रीम असं जे जमेल ते विकलं. कूर्स ब्रुअरीने हॉर्लिक्ससारखं माल्टेड मिल्क केलं, ते मिठाईवाल्यांकडेही जायचं. मिलवॉकीच्या श्लिट्झ ब्रुअरीचे मालक ईलाइन घराणं, त्यांनी तर आपल्या नावाचा चॉकलेटचा कारखानाच टाकला, फार मोठा, आणि बंदी उठायच्या आधीच तो बुडाला. हजारो कामगार, कढया, बर्फाची यंत्रं, घोडागाड्या, सगळं एका रात्रीत रिकामं झालं होतं, त्यांनी दुसरं करायचं तरी काय. सोडा फाउंटनवर मात्र गर्दी वाढत गेली. १९२२ मध्ये शिकागोतल्या वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानाच्या एका काउंटरवर पॉप कूल्सनने माल्टेड मिल्कमध्ये आइस्क्रीमचे गोळे घातले आणि त्या जाड मिल्कशेकसाठी रांगा लागल्या. त्याच माल्टेड मिल्कची चव वडीत आणावी म्हणून फ्रँक मार्सने १९२३ मध्ये मिनियापोलिसला मिल्की वे काढली. म्हणजे गुत्ता बंद, मग फाउंटन, मग फाउंटनवरचं पेय खिशात मावेल असं, हा सगळा प्रवास एका चॉकलेटमध्ये आहे.

चॉकलेटच्या वड्यांचा तो सुवर्णकाळच होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांना चॉकलेट मिळायचं, परत आल्यावर ती सवय राहिली, आणि पाच सेंटला वडी मिळायला लागली. माउंड्स १९२० ची, कनेक्टिकटमधल्या पीटर पॉल कंपनीची, आत खोबरं. बेबी रूथ १९२१ ची, शिकागोच्या ऑटो श्नेरिंगची, त्याने १९२३ मध्ये पिट्सबर्गवर विमानातून छोट्या छोट्या पॅराशूटला बांधून या वड्या टाकल्या होत्या. ही वडी माजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या रूथ या मुलीच्या नावाची असं कंपनी म्हणायची, बेसबॉलवाल्या बेब रूथच्या नावाची नाही, पण ती मुलगी १९०४ मध्येच वारली होती, तेव्हा वाचकाने काय ते समजावं. एच. बी. रीझ हा हर्शी या चॉकलेट कंपनीच्या डेअरीत काम केलेला माणूस, त्याने १९२८ मध्ये पीनट बटर कप काढले. बिट-ओ-हनी आणि डम डम्स १९२४, मिस्टर गुडबार १९२५. शुगर डॅडी पण १९२५ चीच, तेव्हा नाव पापा सकर होतं, १९३२ मध्ये बदललं. १९२८ मध्येच फिलाडेल्फियाच्या फ्लीअर कंपनीतला हिशेबनीस वॉल्टर डीमर याने फुगा फुगवता येईल असं च्युइंग गम जमवलं, हाताशी फक्त गुलाबी रंग होता म्हणून ते गुलाबी, आणि फुग्याचं गम आजतागायत बहुतेक गुलाबीच. स्निकर्स १९३०. थ्री मस्केटिअर्स १९३२, तेव्हा खरंच तीन तुकडे होते, चॉकलेट, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला.

बॅरल गोळ्या मात्र थीमसाठी वेगळ्याने सांगायला हव्यात, रूट बिअरच्या स्वादाच्या कडक गोळ्या, छोट्या पिंपाच्या आकाराच्या, चघळायला आपल्या लिमलेटसारख्या. सोबत ज्येष्ठमधाच्या काळ्या कांड्या, साखरेच्या सिगरेटी, चॉकलेटची सोनेरी नाणी. तोंडाचा वास लपवायच्या गोळ्यांनाही इथे हक्काची जागा आहे. क्लीव्हलँडच्या क्लॅरेन्स क्रेनने १९१२ मध्ये पेपरमिंटच्या लाइफ सेव्हर्स काढल्या, एडवर्ड नोबलने त्या विकत घेऊन गुत्त्यांच्या गल्ल्याशेजारी ठेवायला लावल्या, की माणूस घरी जाताना एक तोंडात टाकेल.

आता तक्रार. या टोपल्यांत काळाची सरमिसळ फार असते. अ‍ॅटॉमिक फायरबॉल या गोळ्या १९५४ च्या, स्मार्टीज १९४९ च्या, पॉप रॉक्स तर १९७५ च्या आसपास बाजारात आल्या, आणि तरी गँगस्टरच्या खोक्यात त्या सर्रास सापडतात. डॅड्स रूट बिअर १९३७ ची, स्क्वर्ट हा सोडा १९३८ चा, ग्रेपेट हा द्राक्षाचा सोडा १९३९ चा, म्हणजे बंदी उठून चार-सहा वर्षं झाल्यावरचं. जुनं असलं की चालतं अशी समजूत आहे. उलट दारूबंदीच्या आधीचा माल मला चालतो, नेको वेफर्स (साखरेच्या पातळ चकत्या) १८४७ पासूनचे, टूट्सी रोल, क्लार्क बार, मेरी जेन अशा गोळ्या-वड्या, कारण त्या तेरा वर्षांत तो दुकानात होताच. नेको कंपनी जुलै २०१८ मध्ये बंद पडली तेव्हा लोकांनी खोकीच्या खोकी साठवली, मग २०२० मध्ये स्पँगलर कंपनीने वेफर्स परत आणले.

दुसरी गोष्ट जरा जड आहे पण सांगायला हवी. सजावटीत बंदूक आणि शिकागोचा गँगस्टर अल कपोन दिसतो, खऱ्या दारूबंदीत मेले-पांगळे झाले ते बहुतेक गरीब लोक. औद्योगिक अल्कोहोलमध्ये सरकारी नियमाने विष मिसळलेलं असायचं, तेच चोरून पिण्यात यायचं. १९३० मध्ये जमैका जिंजर नावाच्या औषधी अर्कात, ज्यात दारूचा अंश भरपूर असायचा, कोणीतरी प्लास्टिकसाठी वापरायचं रसायन मिसळलं आणि हजारो लोकांचे पाय गेले. त्या लुळेपणाला जेक लेग असं नावच पडलं. हा अर्क लोक बऱ्याचदा सोड्यात घालूनच प्यायचे. विषारी हातभट्टीने गेलेली माणसं आपण मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये बघितली आहेत, म्हणून मला फ्लॅपर आणि फाउंटनची टोपली बंदुकीच्या टोपलीपेक्षा कितीतरी बरी वाटते.

विकत घेण्यापेक्षा घरी भरणं सोपं आणि स्वस्त, काचेच्या बाटल्या जड असल्यामुळे पार्सलचा खर्चच मालापेक्षा जास्त होतो. सहा बाटल्या खाली, प्रत्येकीच्या मध्ये पुठ्ठा, वर वड्या, रिकाम्या जागेत सुट्या गोळ्या. उन्हाळ्यात चॉकलेट वितळतं म्हणून तेव्हा बॅरल गोळ्या, गम, ज्येष्ठमधाच्या कांड्या यांच्यावर भर द्यायचा. तिथल्या मराठी घरात द्यायची असेल तर वेष्टणावर जिलेटिन आणि अंडं बघून घ्या, मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि नूगटच्या (फेटलेल्या साखरेच्या मऊ सारणाच्या) वड्यांत अंड्याचा पांढरा भाग, शाकाहारी माणसाला ते चालत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर यादी जवळजवळ अर्धी होते. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधून तिच्यावर साल लिहिलं की झालं, आणि रूट बिअर द्याल तेव्हा व्हॅनिला आइस्क्रीम घेऊन ठेवायला सांगा, थंडगार ग्लासात आधी आइस्क्रीमचा गोळा आणि मग हळूहळू सोडा, फेस वर येईल तसं थांबत थांबत ओतायचं, मलमाचा वास तेव्हा बराच मागे पडतो.