टांकसाळीची चूक की नंतरची इजा : एका भेदाची पार्श्वभूमी

टांकसाळीतूनच चुकीचे निघालेले नाणे आणि बाहेर पडल्यावर खराब झालेले नाणे यांतला भेद आज संग्राहकांना फार महत्त्वाचा वाटतो. पण नाणी हाताने पाडली जात होती तोवर हा प्रश्न या रूपात उभाच राहत नव्हता. शिवराई पाडताना तांब्याचा तुकडा खालच्या छापावर ठेवून वरच्या छापावर हातोडा मारला जाई, छाप बहुधा तुकड्याहून मोठा असे, आणि त्यामुळे ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे दोन्ही बाजूंना पूर्ण उमटलेले नाणे विरळाच सापडते. अक्षरे तुटलेली शिवराई ‘एरर’, म्हणजे टांकसाळीची चूक, म्हणून चढ्या भावाने विकणे ही म्हणूनच सरळ दिशाभूल आहे.

चुकीला अर्थ आला तो यंत्रामुळे. मुंबईच्या टांकसाळीत वाफेवर चालणारी यंत्रे आली, १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम ठरले, आणि छाप पडताना धातू पसरू न देणाऱ्या कॉलरमुळे, म्हणजे चकतीभोवतीच्या कड्यामुळे, प्रत्येक नाणे हुबेहूब दुसऱ्यासारखे होऊ लागले. सगळी सारखी झाली तेव्हाच एखादे वेगळे डोळ्यांत भरू लागले.

त्यांतले सर्वांत आवडते म्हणजे ‘लाखी’. आधीचे नाणे छापाला चिकटून राहते आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर छापाऐवजी त्या नाण्याचाच ठसा बसतो; एका बाजूला चित्र उठावाचे, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट व उलटे. लाखांत एखादेच निघते म्हणून हे नाव पडले, असे संग्राहक सांगतात. दोन नाणी शिकंज्यात दाबूनही उलटी अक्षरे उमटवता येतात, पण तिथे मूळ चित्राचे अवशेष खाली दिसत राहतात आणि पाठीकडची बाजू चेपलेली असते. कड कापलेल्या नाण्याचेही तसेच आहे : चकतीच मुळात अपुरी असेल तर कापाजवळची अक्षरे ओढल्यासारखी होतात आणि बरोबर समोरची कड बहुधा फिकी उमटते, नंतर कानशीने घासले असेल तर अक्षर धारेशी एकदम तुटते.

आपल्याकडे आणखी एक सवय गोंधळ वाढवते. चांदीचे रुपये माळेत ओवण्यासाठी त्यांना कडी डाखलेली असे. ती काढून जागा घासली की कडेवर सपाट डाग उरतो आणि वजनही किंचित घटते. तो दागिन्याचा इतिहास आहे, टांकसाळीचा नव्हे. २००९ मध्ये चलनात आलेल्या दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याने (बाहेर एका धातूचे कडे, आत दुसऱ्या धातूची चकती) मात्र नवीच वाट उघडली, कारण त्याचा मधला भाग ठोकून काढता येतो. मधल्या चकतीविनाच छाप पडलेल्या कड्याचा धातू मोकळ्या जागेकडे सरकून भोकाची धार गोलसर होते. नंतर मधला भाग काढलेल्या कड्याची आतली भिंत सरळ राहते आणि तिच्यावर पकडीच्या खुणा दिसतात.