उमेदवारी, व्यवस्थापकीय

एखाद्या उद्योगाची सूत्रे हाती घेण्यापूर्वी भावी मालकाने किंवा अधिकाऱ्याने त्याच उद्योगात, बहुधा अल्प वेतनावर व अधिकाराविना, जाणत्या माणसाच्या हाताखाली काढलेला शिक्षणाचा काळ. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील कामगारांची उमेदवारी हा स्वतंत्र विषय असून येथे बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) व लगतच्या सीमाभागातील मराठी भाषक उद्योजकांच्या प्रथेपुरता विचार केला आहे.

‘उमेदवार’ हा शब्द आशा बाळगणारा या अर्थाच्या फार्सी शब्दावरून आला. ब्रिटिश अमदानीत कचेरीत जागेची आशा धरून बसणाऱ्यास उमेदवार म्हणत. इंग्रजांनीही तो शब्द उचलला आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो नोकरीची अपेक्षा धरणारा याच अर्थाने आढळतो. यावरून ही प्रथाही कचेरीतलीच असावी, असे वाटू शकते. परंतु कचेरीतला उमेदवार मुख्यतः वाट पाहत असे. पेढीवर किंवा कारखान्यात मात्र शिकणे हाच हेतू असतो. त्यामुळे शब्द कचेरीचा आणि रीत पेढीची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. (निवडणुकांनी या शब्दाला पुन्हा आशेकडेच नेले, हे ओघाने.)

बेळगावातील उद्योगपरंपरेच्या संदर्भात लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९, गुर्लहोसूर) यांचे नाव अपरिहार्य ठरते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून त्यांनी बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा व्यवसाय केला आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर काढले. किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा आरंभ सामान्यतः १८८८ चा धरतात. मात्र उपर्युक्त संस्थाच १८८७ मध्ये निघाली होती, हे ध्यानात घेता तेथील अध्यापन, बढतीचा प्रसंग आणि स्थलांतर एवढे सारे वर्षभरात उरकले असेल, हे अवघड वाटते. १८८८ हे दुकानाचे वर्ष मानले, तरी लक्ष्मणरावांचे बेळगावी स्थिरावणे त्यानंतरचे असावे. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली व कारखाना तेथे गेला.

बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील ओतकामाच्या (वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग घडवण्याच्या) कारखान्यांत उमेदवारीची ही रीत विशेष नजरेस येते. अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेल्या मालकाच्या मुलास आधी वाळूपाशी उभे करतात. साच्याची ओलसर वाळू मुठीत दाबून मूठ उघडली असता गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले पाहिजेत आणि गोळा मोडताना कडा ढासळता कामा नयेत. पाणी अधिक झाले तर वाफेने ओतीवात भोके पडतात; कमी झाले तर साचा झडून वाळू धातूत शिरते. यातील पुष्कळसे दोष भट्टीपाशी दिसत नाहीत, ते गिऱ्हाईकाच्या लेथवर उघडे पडतात. माल परत आला की ठपका कोणावर ठेवायचा, हा अधिकाऱ्यापुढील पहिला खरा प्रश्न असतो आणि ज्याने वाळू हाताळली आहे तो बहुधा भट्टीवाल्यावर उगाच ओरडत नाही. नेतृत्वाविषयीचा जो उपदेश वर्गात दोन तास चालतो, त्याचा बराचसा भाग एवढ्यात येतो.

या काळात संबोधनाचा प्रश्नही सुटावा लागतो. वयस्क फोरमनला ‘मामा’ किंवा ‘अण्णा’ म्हणून अहो-जाहो करावे, ही वडीलधाऱ्यांची पहिली सूचना असते. फोरमन मात्र मालकाच्या मुलाला ‘धाकटे मालक’ म्हणतो आणि चूक झाल्यास त्याच आदराने चारचौघांत खडसावतो. भाषेचा प्रश्न वेगळाच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर सरकारी कामकाजासाठी कन्नड आवश्यक झाली; कारखान्यात ती कामगारांच्या तोंडी असतेच. घरी मराठी, भट्टीवर कन्नड, नकाशावर इंग्रजी असा क्रम सांभाळताना कामापुरती कन्नड उमेदवारीतच शिकून घ्यावी, असे जाणते सांगतात, कारण खुर्चीत बसल्यावर चुकीचे बोलून हसू करून घेण्याची तयारी उरत नाही.

निपाणीच्या तंबाखू व्यापारात पानाची प्रत हाताने व वासाने ओळखणे हा याच शिक्षणाचा भाग होय. व्यवस्थापन पदवीधरांसाठी उमेदवारीचा काळ आता काही महिन्यांवर आला असून अनेक ठिकाणी त्याला ‘ट्रेनिंग’ म्हणतात. वाळूची मूठ मात्र त्यातही येते.