पोहोचता न येणाऱ्या सर्व्हरची डिस्क दुसरीकडे जोडून दुरुस्ती: पार्श्वभूमी

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं सुरू होताहोताच कोसळू लागली. टेबलावरच्या संगणकापाशी बसून सेफ मोडमध्ये अपडेटची ती सदोष फाइल खोडता येत होती. क्लाउडमधल्या आभासी सर्व्हरपाशी बसणार कुठे? त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन या दोघांनीही जवळपास एकच उपाय सुचवला: बिघडलेल्या सर्व्हरची डिस्क सोडवा, धडधाकट सर्व्हरला जोडा, फाइल काढा, डिस्क परत मूळ जागी लावा. अनेकांना हा उपाय नवा वाटला. मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती अवजड संगणकांवर, काम करणाऱ्यांच्या हातात तो कित्येक दशकांपासून आहे, आणि तो तिथेच का रुजला हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात डिस्कपासून करावी लागते. आयबीएमची १९५६ची पहिली डिस्क, रॅमॅक या संगणकातली ३५०, ही ५० तबकड्यांची अवजड वस्तू होती. तिच्यात ५० लाख अक्षरं मावत, पण ती जागची हलवायची सोय नव्हती. १९६२च्या १३११ या ड्राइव्हनं चित्र बदललं. तिच्यातला सहा तबकड्यांचा पॅक झाकणासकट उचलता येई. वजन साडेचार किलोच्या आसपास, क्षमता सुमारे २० लाख अक्षरं. ७ एप्रिल १९६४ला आयबीएमची सिस्टिम/३६० ही मेनफ्रेम-मालिका जाहीर झाली, तेव्हा तिच्यासोबतच्या २३११ ड्राइव्हचा पॅकही काढता-घालता येणारा होता; त्यात ७.२५ मेगाबाइट बसत. ड्राइव्ह बिघडला तर ऑपरेटर पॅक उचलून शेजारच्या ड्राइव्हवर चढवी, आणि यंत्रच बिघडलं तर तोच पॅक दुसऱ्या यंत्राच्या ड्राइव्हवर जाई. माहिती एकीकडे आणि ती चालवणारं यंत्र दुसरीकडे, ही फारकत तेव्हापासूनची आहे.

पॅक फिरते झाले म्हणजे कोणता पॅक कुठे आहे हे यंत्राला कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक पॅकवर शून्याव्या सिलिंडरच्या (सगळ्या तबकड्यांवरच्या, एकाखाली एक येणाऱ्या वर्तुळाकार ट्रॅकांच्या गटाच्या) शून्याव्या ट्रॅकवर तिसऱ्या रेकॉर्डमध्ये लेबल लिहिलं जाई आणि त्यात सहा अक्षरी व्हॉल्यूम नंबर असे. डिस्कवर कोणते डेटासेट (मेनफ्रेमच्या फाइल) कुठे आहेत याची सूचीही डिस्कवरच असे. थोडक्यात, डिस्क आपली ओळख स्वतःजवळ बाळगते. ती कोणत्या तारेवर, कोणत्या पत्त्यावर दिसते हे दुय्यम ठरतं. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या छोट्याशा लेबलात आहे. आजही मेनफ्रेमची डिस्क याच जागी हेच लेबल बाळगते, लिनक्ससाठी फॉरमॅट केलेलीसुद्धा.

पुढे डिस्क पुन्हा बंदिस्त झाल्या. १९७५ची ३३५० ही डिस्क काढता येत नव्हती. पॅक हातानं हलवणं संपलं, पण तोवर हलवण्याची दुसरी वाट तयार झाली होती. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली १९६४पासून सीपी-४० उभं राहत होतं. एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारी ही प्रणाली १९६७च्या आरंभी वापरात आली. प्रत्येक आभासी यंत्राला अख्खा पॅक देणं परवडणारं नव्हतं, म्हणून एका पॅकचे सिलिंडरांनुसार तुकडे करून दिले गेले. हीच मिनिडिस्क. आभासी यंत्राला ती स्वतःची पूर्ण डिस्क वाटते. प्रत्यक्षात कोणती मिनिडिस्क कोणाची, हे सिस्टिमच्या डिरेक्टरीतली एक ओळ ठरवते. ऑगस्ट १९७२मध्ये सीपी-४०च्या वारशातलं व्हीएम/३७० जाहीर झालं तेव्हा ही रचना मुख्य प्रवाहात आली.

व्हीएममधल्या लिंक या आज्ञेनं एका वापरकर्त्याची मिनिडिस्क दुसऱ्याला आपल्या यंत्राला जोडून घेता येते, अर्थात पासवर्ड किंवा परवानगी असेल तर. केबल लागत नाही, यंत्रखोलीत जावं लागत नाही. आज्ञेला कसा प्रवेश हवा ते सांगावं लागतं आणि ही अक्षरं फार विचारानं ठरवलेली आहेत. 'आर' म्हणजे कोणी लिहीत नसेल तरच वाचायला द्या. 'आरआर' म्हणजे कोणी लिहीत असलं तरी वाचायला द्या. 'एमआर' म्हणजे दुसरा लिहिणारा नसेल तर लिहू द्या, नाहीतर नुसतं वाचू द्या. शेवटचा 'एमडब्ल्यू' काहीही असलं तरी लिहू देतो.

या 'एमडब्ल्यू'नं अनेक डिस्कची माती केली आहे. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कचं एक चित्र स्वतःच्या मेमरीत ठेवते: कोणते ब्लॉक रिकामे, कोणती फाइल कुठे. दोन सिस्टिम एकाच डिस्कवर लिहू लागल्या की दोघींची चित्रं वेगळी होतात आणि दोघीही आपल्या चित्रावर विश्वास ठेवून लिहितात. एकीनं रिकामा समजलेला ब्लॉक दुसरीनं नुकताच भरलेला असतो. नुसतं वाचणाराही सुरक्षित नाही, कारण त्याच्या मेमरीतलं चित्र शिळं होत जातं. एमव्हीएस या मेनफ्रेमच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात सामायिक डिस्कसाठी कंट्रोल युनिटपाशीच (डिस्क चालवणाऱ्या उपकरणापाशीच) आरक्षण करून दुसऱ्या यंत्राला थोपवण्याची सोय होती. साध्या लिनक्स फाइलसिस्टिमला असं काही माहीत नसतं. म्हणून आजारी गेस्ट (बिघडलेलं आभासी यंत्र) पूर्ण बंद केल्याशिवाय त्याच्या डिस्कला हात लावायचा नाही, हा नियम अनुभवी लोक कधीही मोडत नाहीत. 'एमआर' मागितल्यावर फक्त वाचण्याचाच हक्क मिळाला, तर आजारी गेस्ट अजून लॉग ऑन आहे ही शंका घ्यायची.

एमव्हीएस आणि पुढे तिची वारस झेड/ओएस यांच्या मंडळींनी हीच कल्पना आपल्या पद्धतीनं वापरली. एका व्हॉल्यूमवर मावणारी छोटी आपत्कालीन सिस्टिम तयार ठेवायची, मुख्य सिस्टिमच्या पार्मलिबमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगच्या संग्रहात) चुकीची ओळ पडून ती उठेनाशी झाली की या छोट्या सिस्टिमवर आयपीएल करायचं, म्हणजे यंत्र तिच्यावरून सुरू करायचं, आणि ती ओळ सुधारायची.

मग लिनक्स आलं. १८ डिसेंबर १९९९ला आयबीएमनं एस/३९० या मेनफ्रेमसाठीचे लिनक्स पॅच खुले केले. त्याआधी स्वतंत्र विकासकांचा बिगफूट नावाचा प्रयत्न चालू होताच. लवकरच एका यंत्रावर व्हीएमखाली हजारो लिनक्स गेस्ट उभे करून दाखवले गेले. २०००मधल्या एका गाजलेल्या चाचणीत हा आकडा ४१,४०० होता. हे गेस्ट सांभाळणारे बहुतेक जण एसएसएचवर, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरमध्ये लॉगिन करण्यावर, वाढलेले. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एक आकडा चुकला, डीफॉल्ट राउट (नेटवर्कबाहेरची वाट) गेला किंवा एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) नसलेल्या डिस्कची ओळ राहिली, की त्यांच्यासाठी सर्व्हर नाहीसाच होई.

कन्सोल, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट यंत्राशी बोलायचा पडदा, नसतो असं नाही. पण व्हीएमखाली लिनक्सला सहसा मिळतो तो ३२१५ धाटणीचा, ओळीओळीनं चालणारा कन्सोल. त्यावर व्हीआयसारखा पडदाभर उलगडणारा एडिटर चालत नाही. फाइल सुधारायची तर सेड किंवा एड हा ओळीओळीनं चालणारा एडिटर वापरावा लागतो. चालू आज्ञा थांबवणारं कंट्रोल-सी पाठवायला टोपीचं चिन्ह आणि सी ही दोन अक्षरं टाइप करावी लागतात. तेवढ्यानंही काम भागतं, फक्त लॉगिन करता आलं पाहिजे. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्डच हरवला असेल किंवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) उठतच नसेल, तर कन्सोलवर नुसतं बघत बसावं लागतं.

अशा वेळी शेजारचा गेस्ट कामी येतो. आजारी गेस्ट बंद करायचा, शेजाऱ्यातून व्हीएमसीपी या, लिनक्समधून व्हीएमला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या साहाय्यानं लिंकची आज्ञा देऊन त्याची मिनिडिस्क मोकळ्या पत्त्यावर घ्यायची, सीएचसीसीडब्ल्यूडेव्ह या आज्ञेनं ती ऑनलाइन आणायची आणि माउंट करायची, म्हणजे तिच्यातल्या फाइल उघडता येतील अशी जोडायची. नेटवर्कची फाइल सुधारायला एवढं पुरतं. पासवर्ड बदलायचा किंवा पॅकेज परत बसवायचं तर डेव्ह, प्रॉक आणि सिस या सिस्टिमच्या डिरेक्टरी आत बांधून सीएचरूट करावं लागतं, म्हणजे आजारी डिस्कलाच मूळ डिस्क मानून आतून काम करावं लागतं. त्यासाठी शेजारीही मेनफ्रेमवरचाच लिनक्स हवा, कारण आतले प्रोग्रॅम त्याच प्रोसेसरसाठी बनलेले असतात.

कर्नलचा बिघाड असेल तर आणखी एक पायरी येते आणि ती सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. मेनफ्रेमवरचा झिपल हा बूट लोडर (कर्नल मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम) पारंपरिक रीतीनं फाइलसिस्टिम वाचत नाही. कर्नल डिस्कच्या नेमक्या कोणत्या ब्लॉकांवर आहे याची यादी तो आधीच लिहून ठेवतो. कर्नल किंवा इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइलसिस्टिम) बदलून झिपल पुन्हा चालवला नाही, तर यादी जुन्या जागांकडेच बोट दाखवते. तो चालवायचाही सीएचरूटच्या आतून, नाहीतर शेजाऱ्याचंच बूट रेकॉर्ड बदलण्याचा धोका.

मेनफ्रेमवरची खास अडचण क्लोनिंगमधून येते. नवा गेस्ट बनवायचा म्हणजे तयार नमुन्याच्या डिस्कची ट्रॅकमागून ट्रॅक अशी प्रत काढायची, ही तिथली रूढ पद्धत. त्यामुळे डॉक्टर (दुरुस्ती करणारा गेस्ट) आणि रोगी दोघेही एकाच नमुन्यातून निघालेले असतात. दोघांच्या एलव्हीएम गटाचं (लिनक्समध्ये अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेतल्या गटाचं) नाव तेच, आतली ओळखचिन्हं तीच. दुसरी प्रत दिसताच एलव्हीएम गोंधळतं आणि गटाला नवी ओळख दिल्याशिवाय काम पुढे जात नाही. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम दोन्हींची यूयूआयडी (ओळख-क्रमांक) एकच आहे हे पाहून माउंट करायलाच नकार देते, तेव्हा तपासणी वगळायला सांगावं लागतं. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम अशी तक्रार करत नाही, म्हणून तिथे आपण नक्की कोणाच्या फाइल बदलतोय हे स्वतःच पाहावं. दुरुस्तीचा गेस्ट वेगळ्या नावाच्या गटावर, मूळ नमुन्यापासून अलग उभारलेला असावा, हे मी आग्रहानं सांगेन.

काम झाल्यावरचा क्रमही तितकाच पाळायचा: अनमाउंट, एलव्हीएम गट निष्क्रिय, डिस्क ऑफलाइन, मग डिटॅच. घाईत थेट डिटॅच केलं तर मेमरीत थांबलेले बदल डिस्कवर उतरतच नाहीत.

एफसीपीवरून, म्हणजे स्टोरेजच्या फायबर नेटवर्कवरून, येणाऱ्या स्कझी डिस्कनी ही मोकळीक कमी केली. तिथे जोडणी व्हीएमच्या डिरेक्टरीत नसून स्टोरेजच्या झोनिंगमध्ये (कोणाला काय दिसावं याच्या नियमांत) ठरते, म्हणजे दुसऱ्या विभागाची मदत लागते. २०१७मध्ये झेड१४ ही मेनफ्रेम आल्यानंतर अख्ख्या डिस्कच्या एन्क्रिप्शनवर भर वाढला, आणि त्यातल्या सुरक्षित किल्ल्या क्रिप्टो एक्स्प्रेस या एन्क्रिप्शन-कार्डाच्या ठरावीक डोमेनमधल्या (कप्प्यातल्या) मास्टर कीनं बांधलेल्या असतात. तीच मास्टर की असलेलं डोमेन शेजाऱ्यालाही दिलेलं नसेल, तर लिंक यशस्वी होते, डिस्क ऑनलाइन येते, पण तिच्यातला मजकूर उलगडत नाही. असं डोमेन आणि डिस्कची पासफ्रेज या दोन्हींची सोय दुरुस्तीच्या गेस्टसाठी आधीच करून ठेवावी लागते.